पाळणा, ऋण आणि विवेक

घरात मूल येणार ही वार्ता ज्या दिवशी कळते, त्या दिवसापासून गृहस्थाच्या मनात आनंद आणि चिंता अशा दोन पाहुण्या एकदमच मुक्कामाला येतात. आनंदाविषयी तो सर्वांशी बोलतो. चिंतेविषयी कोणाशीच बोलत नाही. ज्याची मिळकत बेताची, त्याची चिंता तर दिवा मालवल्यावरच जागी होते. येणाऱ्या जीवासाठी काय काय लागेल, ते कोठून आणावे, आणि आणता आले नाही तर आपण बाप म्हणून उणे ठरू काय, असे प्रश्न त्याला रात्री छळतात. हे प्रश्न दिसायला पैशाचे आहेत. परंतु त्यांचे मूळ धर्मविचारात आहे. म्हणून गीतेचे चिंतन करणाऱ्या गृहस्थाने त्यांचा विचार पुरतेपणी केला पाहिजे.

एक संसार डोळ्यांपुढे आणावा. कलकत्त्याच्या उत्तरेस, भागीरथीच्या पूर्व तीरावर बराकपूर वसले आहे. ही इंग्रजी अमदानीतील जुनी छावणी. २९ मार्च १८५७ रोजी मंगल पांडे यांनी शस्त्र उचलले ते येथेच. जवळच टिटागडच्या तागाच्या गिरण्यांचा पट्टा. पोटासाठी दूरदेशाहून आलेल्या माणसांची ही वस्ती. तेथे भाड्याच्या दोन खोल्यांत एक मराठी जोडपे राहते असे धरावे. पती एका लहानशा कचेरीत कारकून, पगार महिना अठरा हजार. पत्नीला सातवा महिना लागला आहे. माहेर आणि सासर दोन्ही दूर साताऱ्याकडे.

एके रात्री पती वही घेऊन बसतो आणि यादी करतो. नवा पाळणा, त्यावरची मच्छरदाणी, बाबागाडी, झबली-टोपऱ्यांचे दुकानातले तयार संच, डोहाळजेवणाचा थाट, बारशाला कचेरीतल्या सर्वांना जेवण, आणि खाजगी शुश्रूषागृहातील स्वतंत्र खोली. बेरीज होते, आणि ती त्याच्या चार महिन्यांच्या पगाराहून अधिक भरते. तो म्हणतो, “हप्त्याने कर्ज मिळते. पहिलेच मूल आहे. लोक काय म्हणतील?” पत्नी क्षणभर गप्प राहते आणि मग विचारते, “अहो, यातले बाळासाठी काय, आणि लोकांसाठी काय?”

या एका प्रश्नात सगळे धर्मशास्त्र सामावले आहे. त्याचे उत्तर किती जुने आहे हे पाहायचे तर महाभारताच्या आदिपर्वात जावे लागते.

द्रोणाचार्य शस्त्रविद्येत अद्वितीय, पण घरी दारिद्र्य. मुलगा अश्वत्थामा लहान. धनिकांची मुले दूध पिताना पाहून तो दुधासाठी रडू लागला. धर्माने मिळेल अशी एक गाय असावी म्हणून द्रोण ठिकठिकाणी हिंडले. पण गाय मिळाली नाही. तेव्हा इतर मुलांनी पाण्यात पीठ कालवून ते पांढरे पाणी अश्वत्थाम्याला दूध म्हणून पाजले. ते अजाण बालक आपण दूध प्यायलो म्हणून आनंदाने नाचू लागले, आणि भोवतालचे लोक द्रोणांच्या दारिद्र्याला हसू लागले. ही हकीकत पुढे द्रोणांनी स्वतःच्या मुखाने भीष्मांना सांगितली आहे.

येथे वाचकाने थोडे थांबावे. या प्रसंगात दुःख दोन प्रकारचे आहे. लेकराला दूध नाही हे पहिले दुःख. ते खरे आहे. त्यास वैराग्याचा मुलामा देऊन झाकणे हा अधर्म होय. लोक हसले हे दुसरे दुःख. पहिले दुःख मुलाच्या पोटाचे, दुसरे बापाच्या अभिमानाचे. पहिल्यास एक गाय पुरली असती. दुसऱ्यास पांचालांचे अर्धे राज्यही पुरले नाही.

कारण द्रोण उठले ते बालपणीचा सहाध्यायी द्रुपद याच्या दाराशी गेले. द्रुपदाने मैत्री तोलामोलाच्या माणसांत असते असे ऐकवून त्यांचा अवमान केला. ते शल्य घेऊन द्रोण हस्तिनापुरास आले, शिष्यांकरवी द्रुपदास बांधून आणले आणि त्याचे अर्धे राज्य घेतले. द्रुपदाने सूड म्हणून द्रोणांचा वध करणारा पुत्र यज्ञातून मिळविला. कुरुक्षेत्रावर त्या धृष्टद्युम्नाच्या हातून द्रोण पडले. पित्याच्या वधाने पिसाळलेल्या अश्वत्थाम्याने रात्री निद्रिस्त शिबिरात शिरून द्रौपदीच्या पाचही पुत्रांना मारले. आणि शेवटी आपले अस्त्र त्याने उत्तरेच्या गर्भावर सोडले. पिठाच्या पाण्याची एक वाटी. तिच्यापाशी हसलेले चार लोक. आणि ते हसू मनात जपून ठेवणारा एक बाप. एवढ्यातून निघालेली ज्वाला अखेरीस अजून न जन्मलेल्या बालकापर्यंत पोहोचली. श्रीकृष्णांनी परीक्षिताला वाचविले म्हणून वंश उरला.

आपल्या बराकपूरच्या कारकुनाचा व्यवहार अर्थातच एवढा भयंकर नाही. तथापि त्याच्या वहीतील यादीतही तीच दोन दुःखे शेजारी शेजारी लिहिलेली आहेत, आणि ती एकाच शाईने लिहिली असल्यामुळे ओळखू येत नाहीत. ती वेगळी करणे यालाच विवेक म्हणतात. म्हणून पत्नीच्या प्रश्नावर त्याने वहीचे पान उलटावे आणि तीन रकाने आखावेत. पहिला जीवासाठी, दुसरा सोयीसाठी, तिसरा लोकांसाठी.

पहिल्या रकान्यात सर्वांत वर काय लिहावे? बहुतेक घरी येथेच चूक होते. पाळण्याचा विचार होतो, आणि पाळणा भरणारी जी आई, तिचा आहार मात्र काटकसरीत पहिल्यांदा कापला जातो. कारण आपल्या घरांतून ती सर्वांच्या मागून जेवते आणि उरेल ते खाते. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात अतिथिधर्माचे एवढे कौतुक करूनही स्पष्ट आज्ञा आहे की, गर्भिणी स्त्रीला अतिथीच्याही आधी वाढावे, आणि त्यात विचार करीत बसू नये. जेथे देवासमान मानलेल्या अतिथीनेही थांबावयाचे, तेथे घरच्या पुरुषांनी आधी बसण्याचे कारणच उरत नाही. डाळ, दूध, हिरवी भाजी, ऋतूचे फळ, आणि सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या रोजच्या रोज, हा पहिला खर्च. यात कपात करून आणलेला पाळणा चांदीचा असला तरी तो बाळाच्याच अन्नातून घडविलेला असतो.

त्याखाली प्रसूतीची निश्चिती. आजच्या गृहस्थाला या बाबतीत पूर्वजांहून मोठा आधार आहे. १ जून २०११ पासून सुरू झालेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाप्रमाणे सरकारी रुग्णालयात प्रसूती विनामूल्य आहे. शस्त्रक्रिया करावी लागली तरी ती विनामूल्य. औषधे, तपासण्या, लागल्यास रक्त, रुग्णालयातील जेवण आणि जाण्यायेण्याचे वाहन हेही त्यात येते. नवजात बालक आजारी पडले तर त्याच्या उपचाराचीही सोय आहे. पुष्कळ लोक केवळ कमीपणा वाटतो म्हणून हे दार टाळतात आणि सावकाराचे दार ठोठावतात. प्रजेच्या रक्षणासाठी राजाने कर घ्यावा हा आपला जुना राजधर्म. त्याच करातून उभे राहिलेले दार ठोठावण्यात भीक कसली? मात्र कोणते रुग्णालय, किती दूर, रात्री वाहन कोण आणील, सोबत कोण येईल, हे सातव्या महिन्यातच ठरवून ठेवावे. या तयारीला पैसा थोडा लागतो आणि लक्ष फार लागते.

मग बाळाचे अन्न. जन्मानंतर पहिल्या तासात आईचे दूध, आणि सहा महिने त्यावाचून दुसरे काही नाही, पाणीसुद्धा नाही, असे जगातील वैद्य एकमुखाने सांगतात. डब्यातील दुधाच्या जाहिरातींनी माता भुलू नयेत म्हणून आपल्या देशाने १९९२ साली कायदा करून त्या जाहिराती बंद केल्या. परमेश्वराने ज्याची व्यवस्था आधीच करून ठेवली आहे, त्यासाठी विनाकारण पैसा वेचणे ही तयारी नव्हे.

ऊब हीसुद्धा तशीच देणगी आहे. १९७८ साली दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात, बोगोटा येथील एका रुग्णालयात अपुऱ्या दिवसांची बालके फार आणि त्यांना उबेत ठेवणाऱ्या पेट्या थोड्या, अशी स्थिती होती. तेथील डॉक्टरांनी बालकांना आईच्या उरावर, त्वचेला त्वचा लावून ठेवावयास आरंभ केला. आज ती रीत जगभर मान्य झाली आहे. साधने कमी पडली तेव्हा माणसांना आईची आठवण झाली, असा त्याचा अर्थ.

आता दुसरा रकाना, सोयीचा. कपडे, अंथरूण, पाळणा. बराकपुरातल्या त्या घरी एके दुपारी शेजारची वृद्ध मासीमा येते. तिच्या हातात कांथा आहे. बंगालातील बायका जुन्या साड्या आणि धोतरे एकावर एक ठेवून बारीक धावदोऱ्याने शिवतात, ते हे पांघरूण. आपल्या गोधडीची आणि दुपट्याची सख्खी बहीण. मराठी सुनेच्या चेहऱ्यावर किंचित संकोच उमटतो. पहिल्या बाळाला जुने कापड? मासीमा ते ओळखते. ती हसून म्हणते, “बऊमा, नवे कापड बाळाला टोचते. हे वीस वर्षे धुऊन धुऊन मऊ झाले आहे. एवढे मऊ कापड दुकानात कोणी विकत नाही.” सुनेला एकदम आठवते, आपणही आजीच्या लुगड्याच्या दुपट्यातच वाढलो.

जुने कापड गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळविले की ते बाळाला नव्याहून हितकर. पाळणा शेजारघरचा चालतो. पाळणा नसला तर स्वच्छ टोपलीही चालते. फिनलंड देशात १९३८ पासून गरीब मातांना, आणि १९४९ पासून सर्व मातांना, सरकार बाळाच्या कपड्यांनी भरलेली एक कागदी पेटी देऊ लागले. कपडे काढून घेतले की ती रिकामी पेटीच बाळाचा पहिला बिछाना होते, आणि तेथील सधनांची मुलेही तीत निजली आहेत. सर्वांना सारखीच पेटी मिळाल्यावर लाजावयाचे कोणी कोणाला? आणि आपल्याला फिनलंडापर्यंत तरी कशाला जावे लागते? ज्याचा जन्मोत्सव आपण दरवर्षी पाळणा सजवून करतो, त्या श्रीकृष्णांचा जन्म कारागृहात झाला. तेथे पाळणा नव्हता. पित्याचे दोन हात होते, आणि त्या हातांनी ते बाळ यमुनेपार सुखरूप नेले.

राहिला तिसरा रकाना. येथे गृहस्थाला कठोर व्हावे लागते, कारण येथे त्याचा प्रतिपक्षी प्रेमाचा वेष घेऊन येतो. “मुलासाठी एवढेही करू नये काय?” असे तो विचारतो. गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीचे वर्णन करताना भगवंतांनी आशेच्या शेकडो पाशांचा उल्लेख केला आहे. आजच्या काळी यांतील पुष्कळ पाश मासिक हप्त्याच्या रूपाने येतात. आपल्याकडे ऋण काढून सण करणे ही म्हण झाली ती अनुभवाने. वेद म्हणतो की मनुष्य तीन ऋणे घेऊनच जन्माला येतो, आणि संततीमुळे तो पितृऋणातून मोकळा होतो. जे मूल बापाला ऋणातून सोडवावयास येत आहे, त्याच्या स्वागतासाठी बापाने नवे ऋण करावे, ही केवढी विपरीत गोष्ट! वनपर्वात यक्षाने सुखी कोण असे विचारले, तेव्हा युधिष्ठिराने सांगितले की, दिवसाच्या पाचव्या-सहाव्या भागी का होईना, जो आपल्या घरी भाजी शिजवून खातो, ज्याच्यावर ऋण नाही आणि ज्याला प्रवास नाही, तो सुखी. बराकपूरच्या आपल्या गृहस्थाला प्रवास चुकला नाही. ऋण चुकविणे तरी त्याच्या हाती आहे.

याचा अर्थ असा नव्हे की आनंद करू नये. नवव्या अध्यायात भगवंत सांगतात की, भक्तीने दिलेले पान, फूल, फळ, पाणी ते स्वीकारतात. जो उत्सव देवाला पुरतो तो माणसांना पुरत नसेल, तर उणेपणा उत्सवात नाही. बंगालात आपल्या डोहाळजेवणासारखाच ‘साध’ नावाचा संस्कार असतो. गर्भिणीच्या आवडीचे पदार्थ करून तिला प्रेमाने खाऊ घालतात. चार शेजारणींनी एकेक पदार्थ आणला तरी तो संस्कार पूर्ण होतो.

येथे कोणी दुसऱ्या टोकाला जाऊन म्हणेल, “ज्याने चोच दिली तो चाराही देईल, मग वही आणि रकाने कशाला?” हाही मोह आहे. भक्तांचा योगक्षेम आपण वाहतो असे वचन भगवंतांनी दिले ते नित्ययुक्त भक्तांस, म्हणजे स्वकर्म न सोडता चित्त त्यांच्या ठायी ठेवणाऱ्यांस. त्याच भगवंतांनी तिसऱ्या अध्यायात नियत कर्म कर, कर्माविना शरीरयात्राही चालणार नाही, असे बजावले आहे. चारा असतो, पण पाखराला पहाटे उठून उडावे लागते. सातव्या महिन्यापासून दरमहा पाचशे रुपये बाजूला ठेवणे, हे त्या पाखराचे उडणे आहे.

बराकपूरच्या भूमीतच या विचाराची एक खूण आहे. टिटागडच्या बाजूस गंगेकाठी अन्नपूर्णेचे मंदिर आहे. दक्षिणेश्वरचे मंदिर बांधणाऱ्या राणी रासमणी यांच्या कन्या जगदंबा यांनी ते दक्षिणेश्वराच्याच धर्तीवर बांधविले, आणि १२ एप्रिल १८७५ रोजी त्याची प्रतिष्ठा झाली, तेव्हा श्रीरामकृष्ण परमहंस तेथे उपस्थित होते. अन्नपूर्णेच्या कथेत विश्वनाथ स्वतः भिक्षापात्र घेऊन तिच्यापुढे उभे असतात. घेणाऱ्याचा हात जर लाजिरवाणा असता, तर शिवाने तो पुढे केला नसता.

आणि थोडे उत्तरेस, श्यामनगरजवळ मुलाजोड येथे, कवी भारतचंद्र राय यांचे वास्तव्य होते. १७५२ साली त्यांनी ‘अन्नदामंगल’ हे अन्नपूर्णेचे काव्य रचले. तो काळ बंगालला फार कठीण होता, आणि त्या कठीणपणात मराठ्यांचाही वाटा होता हे मराठी वाचकाने विसरू नये. १७४२ ते १७५१ या वर्षांत नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या. आपला ‘बारगीर’ शब्द तेथे ‘बर्गी’ झाला, आणि आजही बंगाली माता बाळाला निजविताना म्हणते त्या जुन्या अंगाईत बर्गींचे भय आणि सारा कसा भरावा ही काळजी, दोन्ही ऐकू येतात. अंगाईत कराची चिंता यावी, यावरून पाळण्याशेजारी बसलेल्या त्या आईचे मन कळते.

अशा काळच्या त्या काव्यात एक नावाडी आहे, ईश्वरी पाटनी. देवी एका साध्या गृहिणीच्या रूपाने त्याच्या नावेत बसते. तिचे पाय लागतात आणि नावेतले पाणी उपसण्याचे लाकडी पात्र सोन्याचे होते. नावाडी तिला ओळखतो. देवी म्हणते, वर माग. सोने समोर आहे. मागितले तर राज्यही मिळेल. तो मागतो एवढेच की, आपल्या मुलाबाळांना दूधभाताची ददात पडू नये. ज्ञानी द्रोणांना जे साधले नाही ते या निरक्षर नावाड्याला साधले. त्याने मुलाचे पोट पाहिले, लोकांचे डोळे पाहिले नाहीत. म्हणून देवीकडे काय मागावे हे त्याला कळले.

तथापि सगळा उपदेश गरिबालाच करून थांबणे हा अन्याय होईल. द्रोणांच्या कथेत एक अपराध द्रोणांचा, पण त्याआधी एक अपराध समाजाचा आहे. ज्यांच्या गोठ्यात पुष्कळ गाई होत्या, त्यांपैकी एकानेही एक गाय दिली नाही; आणि ज्यांना पिठाचे पाणी दिसले ते हसले. तेथे एक मासीमा असती तर पुढचे महाभारत कदाचित वेगळे घडले असते. भागवतात सुदामाही दरिद्री आहे आणि तोही बालमित्राच्या दारी जातो. पण त्याला मागावेच लागत नाही. श्रीकृष्ण उठून सामोरे येतात, त्याचे मूठभर पोहे मागून खातात, आणि देतात ते न सांगता. द्रुपद आणि श्रीकृष्ण, दोघांच्याही दारी गुरुकुलातला मित्रच आला होता.

सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे लक्षण सांगितले आहे : परतफेडीची अपेक्षा नसलेल्याला, योग्य स्थळी, योग्य वेळी, योग्य पात्री, देणे हे कर्तव्य म्हणून द्यावे. आपल्या आळीत बेताच्या मिळकतीच्या घरी मूल येणार आहे, यापेक्षा योग्य स्थळ, वेळ आणि पात्र ते कोणते? बारशाला चांदीचा वाळा नेऊन चारचौघांत मिरविण्यापेक्षा सातव्या महिन्यापासून रोज अर्धा शेर दूध गुपचूप पोहोचते करावे. आपल्या घरचा माळ्यावर पडलेला पाळणा पुसून, त्याची दोरी बदलून न्यावा. रात्री रुग्णालयात जाण्याची वेळ आल्यास दार ठोठाव असे आधीच सांगून ठेवावे. दुसऱ्याच्या घरच्या अंथरुणाकडे, कपड्यांकडे, जेवणाच्या ताटाकडे पाहून हसण्याची सवय मात्र कायमची सोडावी. कारण आपल्या हसण्यातून कोणाच्या मनात काय पेटेल, हे हसणाऱ्याला कधीच कळत नाही.

बराकपूरच्या त्या दोन खोल्यांत आता वहीचे पान भरले आहे. पहिला रकाना लांब झाला, पण त्याचा खर्च अठरा हजारांत बसतो. दुसऱ्या रकान्यातील पुष्कळसे मासीमेने आणि शेजाऱ्यांनी आणून दिले. तिसऱ्या रकान्यावर पतीने स्वतःच आडवी रेघ मारली आहे. फक्त बारशाच्या दिवशी अन्नपूर्णेला नैवेद्य आणि आळीतील मुलांना दूधभात, एवढे त्याने नव्याने लिहिले. कर्जाचा कागद त्याने सही न करता परत केला. त्या रात्री दिवा मालवल्यावर त्याला झोप लागली.

बाळाला आपण किती देऊ शकतो हे प्रारब्धाच्या आणि पुरुषार्थाच्या अधीन आहे. परंतु कोणत्या मनाने देतो, हे सर्वस्वी आपल्या अधीन आहे. अभिमानाच्या ऋणातून मुक्त झालेले आईबाप, हेच येणाऱ्या जीवाचे पहिले आणि सर्वांत मऊ अंथरूण होय. माता अन्नपूर्णा प्रत्येक पाळण्याला दूधभात देवो, आणि ज्याच्या घरी तो अधिक आहे त्याला शेजारचा पाळणा दिसण्याची दृष्टी देवो.